सर्वेक्षण-जालकाच्या सहनिर्देशकांचे अक्षांश-रेखांशांत रूपांतर

भूसर्वेक्षणात एखाद्या बिंदूचे स्थान ठरावीक आरंभबिंदूपासूनच्या पूर्वेकडील व उत्तरेकडील अंतरांनी सांगण्याची पद्धत आहे. या दोन अंतरांना अनुक्रमे पूर्वांक व उत्तरांक आणि दोहोंना मिळून त्या बिंदूचे जालक सहनिर्देशक म्हणतात. त्यांवरून त्याच बिंदूचे अक्षांश व रेखांश काढण्याचे जे गणित, ते सहनिर्देशक-रूपांतर होय. जालक सपाट कागदावर आखलेले असते. अक्षांश व रेखांश हे मात्र पृथ्वीच्या वक्र पृष्ठासंबंधीचे कोन आहेत. त्यामुळे हे रूपांतर म्हणजे केवळ मीटरांचे अंश करणे नव्हे. पूर्वांक व उत्तरांक कोणत्या मापात दिले आहेत, कागदाचा सपाटपणा कोणत्या प्रक्षेपाने साधला आहे आणि पृथ्वीचा आकार कोणता धरला आहे, या तीन गोष्टी ठाऊक नसतील, तर हे आकडे कोणत्याही एका जागेचे राहत नाहीत. भारतात या तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कारणांनी ठरल्या आणि त्यांतील काही पुढे बदलल्या. म्हणून या रूपांतराचा विचार त्याच्या इतिहासासह करावा लागतो.

पालघर तालुक्यातील सातपाटी (सु. १९° ४३′ उ. अक्षांश, ७२° ४२′ पू. रेखांश) हे अरबी समुद्रावरील मच्छीमारांचे मोठे गाव या विवेचनासाठी उदाहरण म्हणून घेतले आहे. पापलेटच्या मासेमारीबद्दल ते प्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला व हे गाव त्यात आले. येथील जमीन महसुली मोजणीच्या नकाशावर, किनारा स्थलवर्णनात्मक नकाशावर आणि समुद्र नौकानयनाच्या तक्त्यावर आहे. या तिघांची मूळ चौकट एक नाही. घर भरतीरेषेपासून किती अंतरावर आहे, किंवा जाळ्याचा खांब कोणाच्या हद्दीत आहे, असा प्रश्न आला म्हणजे तिन्ही चौकटी एकत्र आणाव्या लागतात.

*महसुली मोजणी.* मुंबई इलाख्यातील महसुली मोजणीची पद्धती गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात घातलेल्या पायावर उभी राहिली व १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला स्थिर रूप आले. मोजणीचे साधन ३३ फुटांची साखळी हे होते. तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब शेतकऱ्यासही सहज कळणारा होता. शेतात एक मुख्य रेषा धरून तिच्यापासून बांधाच्या कोपऱ्यांपर्यंत काटकोनात अंतरे घेत आणि ती टिपणात नोंदवीत. टिपणांवरून गावाचा नकाशा तयार होई. कर आकारण्यासाठी क्षेत्रफळ व हद्द एवढेच हवे असल्याने या नकाशाला पृथ्वीवरील स्थानाची गरज नव्हती. त्यावर उत्तर दिशेची खूण असे, शेजारच्या गावांची नावे असत, परंतु अक्षांश-रेखांश नसत. देशव्यापी त्रिकोणीकरणाशी ही मोजणी बिंदूबिंदूने जोडलेली नव्हती. त्या वेळच्या माहीम तालुक्यातील सातपाटीचा गावनकाशाही याच परंपरेतला. अशा नकाशावरील सर्व्हे नंबराचे अक्षांश-रेखांश कोणत्याही सूत्राने निघत नाहीत. आधी तो नकाशा दुसऱ्या एखाद्या जालकात बसवावा लागतो. याचा विचार पुढे केला आहे.

*त्रिकोणीकरण व एव्हरेस्ट विवृत्ताभ.* दुसरी परंपरा शास्त्रीय सर्वेक्षणाची. विल्यम लॅम्टन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथे पायारेषेच्या मोजणीस आरंभ केला. एका मोजलेल्या रेषेवरून केवळ कोन मोजून त्रिकोणांची साखळी देशभर नेण्याचा हा उपक्रम ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ या नावाने ओळखला जातो. लॅम्टन यांचे निधन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच झाले. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मुख्य चाप उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. बीदरजवळील दामरगिडा येथून पश्चिमेस मुंबईपर्यंत गेलेल्या त्रिकोणमालेने कोकण किनारा या चापाशी जोडला गेला.

त्रिकोणांतील कोन व बाजू यांवरून अक्षांश-रेखांश काढावयाचे, तर पृथ्वीचा आकार गृहीत धरावा लागतो. ध्रुवांशी किंचित चपट्या अशा या आकारास विवृत्ताभ म्हणतात. एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये तोवरच्या मोजण्यांवरून जो विवृत्ताभ ठरविला, त्याची विषुववृत्तीय त्रिज्या सु. ६३,७७,२७६ मी. व चपटेपणा १/३००.८ होता. हा विवृत्ताभ मध्य प्रदेशातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर या त्रिकोणन-स्थानकाशी बांधलेला आहे. (ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी या नावाचा संबंध नाही.) कल्याणपूरचे स्वीकृत स्थान २४° ०७′ ११.२६″ उ. व ७७° ३९′ १७.५७″ पू. असे आहे. भारतातील इतर सर्व बिंदूंची स्थाने याच्याशी सापेक्ष आहेत. भारतीय उपखंडापुरता हा विवृत्ताभ चांगला जुळतो. मात्र त्याचा मध्य पृथ्वीच्या प्रत्यक्ष वस्तुमानकेंद्रापासून ८०० मीटरांहून अधिक दूर आहे. एव्हरेस्ट यांच्या काळात हे कळण्याचा मार्ग नव्हता आणि त्याने काही बिघडतही नव्हते. नकाशा व जमीन यांचा परस्पर मेळ बसला की काम भागे.

रेखांशांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. अक्षांश ताऱ्यांच्या उन्नतांशांवरून थेट काढता येतात. ग्रिनिचपासूनचे रेखांश काढण्यास मात्र दोन ठिकाणच्या वेळांतील फरक अचूक कळावा लागतो. भारतीय नकाशांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर अवलंबून होते व ते वास्तवापेक्षा सु. २′ २७″ नी अधिक धरलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारायंत्राने वेळेचे संकेत पाठवून हा दोष पक्का झाला व विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नव्या नकाशांत तो काढून टाकण्यात आला. कल्याणपूरचे वर दिलेले रेखांश ही दुरुस्ती केल्यानंतरचे आहेत. सातपाटीच्या अक्षांशावर रेखांशाचा एक सेकंद सु. २९ मी. भरतो. म्हणजे ही दुरुस्ती तेथे सु. ४.३ किमी. होते. आजचे रेखांश घेऊन जुन्या नकाशावर सातपाटी शोधू लागल्यास बोट गावाच्या पश्चिमेस भर समुद्रात टेकते. जुन्या नकाशांच्या समासात या दुरुस्तीची सूचना पुष्कळदा छापलेली आढळते. ती न वाचल्यामुळे बंदरे व किल्ले यांच्या जागांविषयी निष्कारण तर्क लढविले गेल्याची उदाहरणे अभ्यासकांस अपरिचित नाहीत.

*लांबेर जालक.* पहिल्या महायुद्धात तोफखान्यास दूरच्या लक्ष्याचे अंतर व दिशा कागदावरच झटपट काढण्याची निकड भासली. अंश-कलांच्या गणितास तेथे वेळ नव्हता. योहान हाइन्रिख लांबेर यांनी १७७२ मध्ये मांडलेला, कोन जसेच्या तसे राखणारा शंकुप्रक्षेप फ्रेंच सैन्याने या कामी वापरला. भारतीय सर्वेक्षण विभागानेही पुढे याच प्रक्षेपावर जालक बसविले. त्यासाठी देशाचे अक्षांशांनुसार पट्टे पाडले. १५° ते २१° उ. या पट्ट्यातील भारतीय विभागास ‘तीन-अ’ ही संज्ञा आहे. कोकणाचा व महाराष्ट्राचा बहुतेक भाग, अर्थात सातपाटीही, याच पट्ट्यात येते. पट्ट्याचा आरंभबिंदू १९° उ. अक्षवृत्त व ८०° पू. रेखावृत्त यांच्या छेदावर आहे. कोणताही आकडा ऋण येऊ नये म्हणून आरंभबिंदूचे सहनिर्देशक शून्य न धरता पूर्वांक ३०,००,००० वार व उत्तरांक १०,००,००० वार असे कल्पिले आहेत. मध्यावरील अंतरे ८२४ भागांत एका भागाने लहान दाखविली जातात. त्यामुळे पट्ट्याच्या कडांवरील विकृती आटोक्यात राहते.

येथे ‘वार’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. सर्वेक्षणातील भारतीय फूट हा ब्रिटिश फुटाशी तंतोतंत जुळत नाही आणि मीटरशी असलेले त्याचे प्रमाण वेगवेगळ्या वेळी किंचित वेगळे धरले गेले. १९३७ च्या प्रमाणानुसार तीस लक्ष वारांचे २७,४३,१८५.६९ मी. होतात, तर १९७५ च्या प्रमाणानुसार २७,४३,१९५.५ मी. होतात. फरक दहा मीटरांचा आहे. गावाच्या नकाशात तो दिसणार नाही, पण हद्दीच्या दगडास तो पुरेसा आहे.

स्थलवर्णनात्मक नकाशांवर हे जालक स्वतंत्रपणे छापले जाई. नकाशा स्वतः बहुशंकू प्रक्षेपावर असे व त्याच्या कडा अक्षांश-रेखांशांच्या असत. सातपाटी १:५०,००० मापप्रमाणाच्या ‘४७ अे/१०’ या पत्रकात व पालघर त्याच्या पूर्वेच्या ‘४७ अे/१४’ या पत्रकात येते. जालक छापलेले पत्रक हाती असल्यास काठावरील अंश-कलांच्या खुणांवरून प्रमाणाने मोजून अक्षांश-रेखांश वाचता येत आणि बहुतेक अभियंते व अधिकारी तसेच करीत. कागदावरील अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील २५ मी. एवढी अचूकता त्यांस पुरत असे. तथापि किनाऱ्यापासून सु. ८० किमी. रुंदीच्या पट्ट्याचे असे नकाशे दीर्घकाळ मर्यादित वितरणाचे होते. ज्या गावाचा नकाशा, त्याच गावाला तो मिळणे अवघड, अशी ही स्थिती होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुली अशी वेगळी नकाशामाला सुरू केली आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे निर्बंध आणखी सैल झाले.

*रूपांतराचे गणित.* समजा, तीन-अ पट्ट्यातील एका बिंदूचे सहनिर्देशक पूर्वांक १९,७९,१०० मी. व उत्तरांक १०,०९,५०० मी. असे आहेत. कल्पित आकडे वजा केल्यास तो आरंभबिंदूच्या पश्चिमेस सु. ७,६४,१०० मी. व उत्तरेस सु. ९५,१०० मी. ठरतो. साध्या समजुतीने पाहता १९° अक्षवृत्ताच्या उत्तरेस ९५.१ किमी. म्हणजे, एका अंशास ११०.७ किमी. या हिशेबाने, सु. ५१½′ होतात. म्हणून बिंदू १९° ५१½′ उ. अक्षांशावर येतो. पश्चिमेकडील अंतर अशाच रीतीने मोजले, तर रेखांश सु. ७२° ४२′ येतात. हे स्थान तारापूरच्या परिसरात पडते. तेथील किनाऱ्यावर १९६९ पासून अणुविद्युत् केंद्र चालू झाले आहे. प्रत्यक्षात मात्र दिलेले सहनिर्देशक सातपाटीचे आहेत. साध्या भागाकाराने गाव सु. १६ किमी. उत्तरेस सरकले.

असे होण्याचे कारण प्रक्षेपाच्या रचनेत आहे. शंकू उलगडून सपाट केला की अक्षवृत्ते सरळ रेषा न राहता एकाच केंद्राभोवतीचे कंस होतात. तीन-अ पट्ट्यात हे केंद्र आरंभबिंदूच्या उत्तरेस कागदावर सु. १,८५,०५,००० मी. अंतरावर आहे. ८०° रेखावृत्तापासून पश्चिमेकडे जावे तसतसे १९° चे अक्षवृत्त कागदावर वर वळत जाते. सातपाटीपर्यंत ते सु. १६ किमी. वर आलेले असते. जालकाची आडवी रेषा मात्र सरळच राहते. म्हणून उत्तरांक वाढला याचा अर्थ अक्षांश तेवढाच वाढला असा होत नाही.

योग्य रीत पुढीलप्रमाणे आहे. केंद्रापासून बिंदूचे उभे अंतर १,८५,०५,००० मधून ९५,१०० वजा करून १,८४,०९,९०० मी. मिळते. पश्चिमेकडील ७,६४,१०० मीटरांना त्याने भागले असता ०.०४१५ येते. ज्या कोनाची स्पर्शज्या एवढी आहे, तो कोन सु. २.३७७° असतो. त्यास १९° च्या ज्येने, म्हणजे ०.३२५६ ने, भागले की ७.३° मिळतात. हे ८०° मधून वजा करता रेखांश ७२° ४२′ येतात. अक्षांशासाठी केंद्रापासून बिंदूचे थेट अंतर काढतात. ते सु. १,८४,२५,७५० मी. आहे. १९° च्या कंसापेक्षा ते सु. ७९,२५० मीटरांनी कमी आहे. मापप्रमाणाची दुरुस्ती करून रेखावृत्तावरील प्रत्यक्ष अंतर सु. ७९,३४० मी. ठरते व त्याचे ४३′ होतात. अशा रीतीने १९° ४३′ उ., ७२° ४२′ पू. हे स्थान निश्चित होते. काटेकोर कामात शेवटची पायरी एवढी सरळ नसते. विवृत्ताभावर रेखावृत्ताची वक्रता अक्षांशागणिक बदलत असल्याने उत्तर आधी अंदाजाने धरून ते पुनःपुन्हा सुधारावे लागते. यंत्रगणक येण्यापूर्वी सर्वेक्षण विभागातील गणक छापील कोष्टके व लॉगरिथम यांच्या साहाय्याने हे करीत आणि चूक राहू नये म्हणून दोन गणकांकडून स्वतंत्रपणे करवून घेतलेली उत्तरे ताडून पाहण्याचा प्रघात होता. एव्हरेस्ट यांच्या काळातील राधानाथ सिकदार हे अशा गणकांपैकी सर्वांत ख्यातनाम होत.

वर मिळालेल्या २.३७७° च्या कोनास आणखी एक अर्थ आहे. सातपाटीस जालकाची उभी रेषा व खरी उत्तर-दक्षिण रेषा यांत सु. २° २३′ चा कोन पडतो आणि खरी उत्तर जालकाच्या उत्तरेच्या उजवीकडे असते. एक किलोमीटर लांबीची हद्द जालकाच्या उत्तरेस धरून आखली, तर तिचे टोक खऱ्या उत्तरेपासून सु. ४१ मी. बाजूला जाते. गावनकाशावरची उत्तरेची खूण होकायंत्राने घेतलेली असेल, तर चुंबकीय दिक्पाताचा फरक त्यात आणखी मिसळतो.

*आधार-बदल.* येथपर्यंत मिळालेले अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट विवृत्ताभावरील आहेत. कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी उपकरणे १९८४ ची जागतिक भूगणितीय पद्धती वापरतात. तिचा विवृत्ताभ पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती बसविलेला असून त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मी. आहे. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश या दोन पद्धतींत वेगळे येतात. एका पद्धतीतून दुसरीत जाण्यासाठी जुन्या विवृत्ताभाचा मध्य तीन दिशांना सरकवावा लागतो. अमेरिकी संरक्षण नकाशा संस्थेने भारतासाठी प्रसिद्ध केलेली ही अंतरे २९५, ७३६ व २५७ मी. आहेत व प्रत्येकात १० ते १५ मीटरांची अनिश्चितता आहे. ती लावल्यास सातपाटीचे अक्षांश सु. ३″ नी वाढतात व रेखांश सु. २″ नी कमी होतात. जमिनीवर हा फरक उत्तरेस सु. ९० मी. व पश्चिमेस सु. ६० मी., म्हणजे एकूण सु. ११० मी. भरतो. एव्हरेस्ट पद्धतीचे आकडे जसेच्या तसे उपग्रही नकाशावर टाकल्यास बिंदू आपल्या जागेच्या आग्नेयेस पडतो.

सातपाटीचा किनारा बहुतांशी उत्तर-दक्षिण असल्याने यांतील पूर्व-पश्चिम फरक अधिक महत्त्वाचा आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा किनारा नियमन क्षेत्र म्हणून घोषित केला आणि ग्रामीण भागात त्यातील पहिले २०० मी. बांधकामास प्रतिबंधित ठेवले. २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी हे नियम बदलले. तथापि रेषेपासूनचे अंतर हाच नियमाचा पाया राहिला. भरतीरेषा उपग्रही चित्रावरून नव्या पद्धतीत आखलेली आणि घराची जागा जुन्या नकाशावरून एव्हरेस्ट पद्धतीत वाचलेली असेल, तर घर कागदावर सु. ६० मी. जमिनीकडे सरकते. रेषेपासून प्रत्यक्षात १५० मीटरांवर असलेले घर २१० मीटरांवर दिसते. हाच घोळ उलट बाजूने झाला, म्हणजे रेषा जुन्या पद्धतीत व घर नव्या पद्धतीत असले, तर नियमात बसणारे घर नियमबाह्य ठरते. दोन्ही बाबतींत आकडेमोड बिनचूक असते. चूक असते ती आकड्यांची पद्धती न नोंदविण्यात.

नवी खुली नकाशामाला याच जागतिक पद्धतीवर आधारलेली असून तिचे जालक विश्व-आडवा-मर्केटर प्रक्षेपाचे आहे. त्यात सहा-सहा अंशांचे उभे पट्टे असतात. सातपाटी त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येते. त्याचे मध्य रेखावृत्त ७५° पू. आहे. या जालकात गावाचा पूर्वांक सु. २,५८,९०० मी. व उत्तरांक सु. २१,८१,८०० मी. होतो. याच गावाचे वर दिलेले १९,७९,१०० व १०,०९,५०० हे आकडे त्यांच्याशी कोणतेही साम्य दाखवीत नाहीत. एक प्रकारे हे सोयीचेच आहे. इतकी तफावत असली की घोळ लगेच लक्षात येतो. खरा धोका शंभर मीटरांच्या फरकाचा, कारण तो डोळ्यांस दिसत नाही.

*गावनकाशा जालकात बसविणे.* महसुली नकाशास स्वतःचे सहनिर्देशक नसल्याने त्यावरील ओळखता येतील असे बिंदू, उदा., तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड, जुनी विहीर, देवळाचा कोपरा, जमिनीवर शोधून उपग्रही उपकरणाने त्यांचे स्थान घेतात. नकाशावरील व जमिनीवरील अशा जोड्यांवरून नकाशा किती फिरवावा, किती सरकवावा व किती ताणावा हे कमीत कमी वर्गांच्या पद्धतीने ठरवितात. याला दोन बिंदू पुरतात असे वाटते, पण दोनच बिंदू घेतल्यास चूक उघडकीस येत नाही. गावाच्या चारी बाजूंना पसरलेले अनेक बिंदू घेतले म्हणजेच प्रत्येक बिंदूपाशी उरलेला फरक मोजता येतो. १:४,००० मापप्रमाणाच्या नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची रेघही जमिनीवर एक मीटर रुंद असते. त्यात किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागद फुगतो व आटतो, आणि तोही सर्व दिशांना सारखा नाही. म्हणून अनुभवी भूकरमापक नकाशावरून मोजण्याऐवजी मूळ टिपणातील साखळीचे आकडे पुन्हा मांडणे पसंत करतात. ३३ फुटांच्या साखळीने घेतलेली ती मापे नकाशाहून अधिक विश्वसनीय असतात.

सातपाटीसारख्या गावात याहून कठीण प्रश्न आधारबिंदूंचाच असतो. समुद्राच्या उधाणाने किनाऱ्याची धूप होते व संरक्षक बंधारेही फुटतात. किनाऱ्याकडील हद्दीचे दगड एकदा गेले म्हणजे नकाशाची पश्चिम बाजू टांगती राहते व तिची जागा केवळ पूर्वेकडील बिंदूंवरून पुढे वाढवून ठरवावी लागते. आधारबिंदूंच्या बाहेर असे पसरविलेले रूपांतर गणिताच्या दृष्टीने सर्वांत दुबळे असते, आणि गावात वादाचा भाग नेमका तोच असतो.

*समुद्रावरील स्थान.* किनाऱ्यावरील दोन उंच खुणा एका रेषेत आणून व खोलीचा अंदाज घेऊन मासेमारीची जागा ओळखण्याची रीत कोळ्यांत पूर्वापार आहे. ती सर्वेक्षणाच्या प्रतिच्छेदन पद्धतीहून तत्त्वतः भिन्न नाही. उपग्रही उपकरणे होड्यांवर आल्यापासून जागा अंश-कलांत सांगितली जाते. नौकानयनास हीच पद्धती सोयीची आहे, कारण अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. डोल जाळ्यांसाठी समुद्रतळात रोवलेल्या खांबांना कव म्हणतात. या कवींच्या जागांवरून पालघर व वसई या बाजूंच्या मच्छीमारांत वाद होत आले आहेत. अशा वादात कव कोठे आहे हे आकड्यांनी सांगावे लागते आणि तेथे दोन साध्या चुका वारंवार संभवतात. पहिली आधाराची. जुन्या सागरी तक्त्यांवर उपग्रहावरून मिळालेले स्थान मांडण्यापूर्वी ते किती सरकवावे, याची टीप छापलेली असते व ती पाळावी लागते. दुसरी लिहिण्याच्या रीतीची. उपकरणावरचे १९° ४३.५०′ हे १९° ४३′ ५०″ असे उतरवून घेतल्यास, अर्ध्या कलेचे ३० सेकंद होतात हे विसरल्यामुळे, स्थान २० सेकंदांनी, म्हणजे ६०० मीटरांहून अधिक, उत्तरेस जाते. आधार-बदलाच्या चुकीपेक्षा ही पाचपटींहून मोठी आहे व तिला कोणतेही उच्च गणित कारणीभूत नाही.

भारतीय भूकवचपट्ट दरवर्षी सु. ५ सेंमी. ईशान्येकडे सरकत असल्याने जागतिक पद्धतीतील सहनिर्देशकही काळागणिक बदलतात. चाळीस वर्षांत हा बदल सु. २ मी. होतो. कल्याणपूरशी बांधलेल्या जुन्या पद्धतीत हा प्रश्न नव्हता, कारण तिचा आरंभबिंदू भूमीबरोबरच सरकत होता. मोजणीच्या कामासाठी राज्यात अखंड चालणारी उपग्रही संदर्भ-स्थानके उभारण्यात आली आहेत. त्यांवर आधारलेल्या मोजणीतील सहनिर्देशकांबरोबर आता विवृत्ताभ, प्रक्षेप व मापाचे एकक यांच्या जोडीने मोजणीचा दिनांकही नोंदवावा लागतो.